सासूबाई आणि सिंबिडियम

“आणि सिंबिडियमनी कुठं जायचं?” ह्यांनी विचारलं.

मी माझ्या आईसाठी खोली मागत होते. थालिपिठाचा तुकडा ह्यांच्या हातात तसाच राहिला होता आणि चेहरा असा झाला होता, की घरातल्या एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रस्त्यावर काढा असं मी म्हटलं असावं.

“कुंड्याच आहेत त्या,” मी म्हटलं. “परसात सिल्व्हर ओकखाली ठेवू.”

“उघड्यावर? पाचगणीच्या थंडीत? शालन, तू काय बोलतेयस तुला कळतंय का? ह्यांना साधी झुळूक सोसत नाही.”

‘ह्यांना’ म्हणजे ऑर्किडना. आमच्या घरात आदरार्थी बहुवचन दोघांनाच होतं. एक साहेबांना, दुसरं सिंबिडियमना.

“मग आक्कानं कुठं राहायचं?”

“मागची खोली आहे की. मागच्या खोलीला काय झालंय?”

मागच्या खोलीला काय झालं होतं ते घरातल्या झुरळांनाही ठाऊक होतं. उत्तरेची खोली. सूर्याचं आणि तिचं कधी जमलंच नाही. पावसाळ्यात भिंतीला हिरवं शेवाळ धरायचं आणि ते दिवाळी उलटली तरी ओलं असायचं. चामड्याची बॅग ठेवली तर महिन्याभरात तिला पांढरे केस यायचे. तिथे मी बटाटेसुद्धा ठेवत नव्हते. आणि माझी आई, आक्का, ऐंशीच्या घरातली, संधिवातानं बोटं वाकडी झालेली, सांगलीच्या उन्हात आयुष्य काढलेली. माझा भाऊ दिगंबर सहा महिन्यांसाठी मुलीकडे मेलबर्नला निघाला होता, म्हणून ती आमच्याकडे यायची होती.

“तिथे रजया देऊ त्यांना,” हे म्हणाले आणि थालिपीठ तोंडात टाकलं. विषय संपला.

माझे यजमान अच्युत देवस्थळी पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी पाणी कुठून कुठे जावं हे ठरवलं. पाण्यानं ते ऐकलंच असं नाही. एका कालव्याच्या तोंडाशी त्यांच्या नावाची फरशी बसवलेली आहे. कालवा अजून कोरडा आहे, फरशी मात्र शाबूत आहे. निवृत्तीनंतर हुकूम सोडायला हाताखाली कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी सिक्कीमहून ऑर्किड मागवली.

घराला दक्षिणेच्या अंगाला काचा लावलेली एक लांब पडवी होती. बंगला घेतला तेव्हा तिच्यावरच माझा जीव जडला होता. सकाळी उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत तिथे ऊन असायचं. मी मनातल्या मनात तिथे एक झोपाळा आणि शिवणयंत्र मांडूनही टाकलं होतं. साहेबांनी तिथे लाकडी मांडण्या ठोकल्या, हीटर बसवला, वाफ सोडणारं एक यंत्र आणलं, काचांना हिरवं जाळीचं कापड लावलं आणि दारावर पितळी पाटी ठोकली: ‘ऑर्किड कक्ष. दार लावून घ्यावे.’ आत तीन थर्मामीटर होते. माझा ताप मोजायचा त्यातलाच एक.

बाहेर आम्ही शाली गुंडाळून हिंडायचो आणि आत हीटर धगधगायचा. कुंड्यांतली पानं वाढून वाढून तलवारीएवढी झाली. गर्द हिरवी, तुकतुकीत. फूल मात्र कित्येक वर्षांत एकही नाही. पाहुण्यांना आत नेऊन साहेब पानांवरून हात फिरवत म्हणायचे, “वाढ बघा, वाढ!” पाहुणे वाढ बघायचे. मग कुणीतरी भाबडेपणानं विचारायचं, फुलं कधी येतात? त्यावर साहेब हसून म्हणायचे, “ऑर्किडला घाई चालत नाही.”

आमच्या टेकडीवर बागप्रेमींचं एक मंडळ आहे. तिथल्या पेरीन दस्तूरबाई ह्यांना नेहमी सांगायच्या. बाईंचं सगळं आयुष्य पाचगणीत गेलेलं, बाग मोठी, आवाज त्याहून मोठा.

“अरे देवस्थली, हा पहाडी झाड हाय! ह्याला रातची थंडी पायजे, तवा तो फुलेल. तू त्याला इस्पितलमधी ठेवला!”

“दस्तूरबाई, ते जंगलातलं झालं,” हे समजावणीच्या सुरात म्हणायचे. “आपण शास्त्रीय पद्धतीनं करतोय.” आणि घरी आल्यावर मला सांगायचे, “बाईला अनुभव आहे, पण अभ्यास नाही.”

आक्का नवरात्राच्या सुमारास आली. मागच्या खोलीत पलंग टाकला, दोन रजया दिल्या, रात्री गरम पाण्याची पिशवी दिली. चार-सहा दिवसांत तिची बोटं वांग्यासारखी सुजली. सकाळी मला तिचं लुगडं नेसवावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण खरं औषध ऊन आणि कोरडी खोली. तेव्हापासून आक्का दिवसभर अंगणात खुर्ची घेऊन बसायला लागली. ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवायची. दुपारनंतर ती कुंपणापर्यंत पोचलेली असायची आणि रस्त्यानं जाणारे लोक तिला पत्ता विचारायचे.

तक्रार करायचा तिचा स्वभाव नव्हता. टोमणे मारायचा होता.

“शालू,” ती एकदा काचेकडे बघत म्हणाली, “पुढच्या जन्मी मला कुंडीत लाव.”

एके दिवशी न्हाऊन झाल्यावर ती दिसेना. अंगणात नाही, खोलीत नाही. तेवढ्यात ह्यांचा आवाज ऐकू आला. आवाज चढलेला नव्हता. साहेब कधीच आवाज चढवत नसत. एकेक शब्द सुटा करून बोलत, कार्यालयात शिपायाला मेमो देताना बोलत असतील तसं.

“हे. काय. चाललंय?”

मी धावत गेले. मांडण्यांच्या मध्ये एका उपड्या बादलीवर आक्का बसली होती. ओले पांढरे केस पाठीवर मोकळे, डोकं काचेला टेकलेलं. तिला गाढ झोप लागली होती. इतक्या दिवसांत मी तिला असं निवांत झोपलेलं पाहिलं नव्हतं.

“अहो, असू द्या. डोळा लागलाय तिचा.”

“त्यांच्या केसांना तेल आहे. तेलानं हवेत बुरशी धरते. आणि दार उघडं होतं. किती वेळ उघडं होतं कोण जाणे.”

आक्का जागी झाली. आधी तिला कळेना. मग कळलं. ती घाईघाईनं उठायला गेली, बोटांनी मांडणीचा आधार धरवेना, आणि ती पुन्हा बादलीवर बसली. “चुकलंच हो, अच्युतराव,” ती म्हणाली. “जरा ऊब लागली आणि…”

जावयापुढे माझ्या आईला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या लग्नात मानपानावरून ह्यांच्या काकांना गप्प करणारी बाई ती.

त्याच संध्याकाळी साहेबांनी दाराला कुलूप लावलं.

बोलून काही होतं हा अनुभवच नव्हता मला. संसार इतकी वर्षं झाला होता, पण मी चहात साखर घेते की नाही हे ह्यांना सांगता आलं नसतं. हीटर मात्र कोणत्या अंशाला बंद होतो ते झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

आठवड्याभरात मस्कतहून फोन आला. आमच्या केदारला मुलगा झाला होता आणि बारशाला दोघांनीही यावं असा त्याचा आग्रह होता. मी आक्काला सोडून जाणं शक्य नव्हतं. हे एकटे निघाले, चांगले महिनाभर राहायचं ठरवून. टॅक्सी दारात उभी होती आणि हे मला सूचना देत होते. हीटर कधी लावायचा, वाफ किती सोडायची, पाणी कोमट करून द्यायचं, जोडे बाहेर काढायचे. शेवटी खिशातून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली, मंगळसूत्र सोपवावं तशी.

“सांभाळ,” म्हणाले. आईचं नाव नाही, माझं नाही.

टॅक्सी वळणापलीकडे गेली. मी दार उघडलं आणि पहिली कुंडी उचलली.

आक्का अंगणातल्या खुर्चीतून बघत होती. “शालू, हे काय करतेस?”

“खोली रिकामी करतेय.”

“अगं, मरतील ती.”

“मरू देत.”

हे अगदी खरं सांगते. पुढे लोकांनी मला बागकामातली जाणकार ठरवलं, पण मला ऑर्किडमधलं ओ की ठो कळत नव्हतं. दस्तूरबाईंचं बोलणंही डोक्यात नव्हतं. मला आईसाठी ऊन हवं होतं, एवढंच. सिल्व्हर ओकखाली जुन्या विटा पडल्या होत्या, त्यांवर कुंड्या मांडल्या. मांडल्या म्हणजे ठेवल्या. मग मांडण्या बाहेर ओढल्या, हिरवी जाळी फाडून काढली, काचा पुसल्या, आणि आक्काचा पलंग आत आणून उन्हात लावला. दुपारी ती तिथे आडवी झाली, पांघरूण न घेता. थोड्या वेळानं तिनं हात वर धरून बोटं उघडमीट करून पाहिली.

साहेब एक दिवसाआड फोन करायचे.

“खोली कशी आहे?”

“उबदार.”

“हीटर चालू असतो ना?”

“लागेल तेव्हा लावते.”

“आणि ती कशी आहेत?”

“पहिल्यापेक्षा बरी आहे. रात्री शांत झोपते.”

“झोपते?”

“म्हणजे हालचाल नाही काही,” मी म्हटलं. आक्का पलंगावर पदर तोंडात कोंबून हसत होती.

मग साहेब परतले. बॅग घेऊन थेट पडवीकडे गेले. दार सताड उघडं. आत आक्का उशीला टेकून गहू निवडत बसलेली, दारावर ती पितळी पाटी तशीच. ‘दार लावून घ्यावे.’

“या, अच्युतराव,” आक्का म्हणाली. “बाळ कसा आहे? कुणावर गेलाय?”

हे तसेच परसात गेले. मी मागोमाग गेले. पानांची गर्द हिरवाई गेली होती, पिवळट पोपटी रंग आला होता. पक्ष्यांनी आपापला शेरा मारून ठेवला होता. एका कुंडीवर माकडांनी मारामारी केलेली दिसत होती. तिची दोन तलवारपानं मोडून पडली होती. साहेबांनी टोपी काढली.

“कावीळ झालीय,” म्हणाले. “सगळ्यांना. शालन, हा खून आहे.”

“आत आणायची असतील तर आणा. पण आक्का तिथंच राहील.”

हे वाक्य मी कसं बोलले मला आजही माहीत नाही. त्यांनाही धक्का बसला असावा, कारण ते मुकाट्यानं घरात गेले. कुंड्या त्यांनी आत आणल्या नाहीत. एकदा मेलेली जाहीर केल्यावर जगवायचा प्रयत्न करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मात्र ते माझ्याशी बोलेनासे झाले. रोज सकाळी मफलर गुंडाळून परसात जायचे, दवाखान्यात भेटीला जावं तसे थोडा वेळ उभे राहायचे आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत यायचे. मंडळातले लोक सांत्वनाला येऊन गेले. मी त्यांना चहा दिला. ते माझ्याकडे, घरात खून केलेल्या बाईकडे बघावं तसं बघत होते.

थंडी कडक पडली. सकाळी गवतावर पांढुरकं दव साचायचं. आक्काची बोटं इतकी सुधारली, की संक्रांतीला तिनं स्वतः तिळाच्या वड्या थापल्या. तिळगूळ घ्यायला दस्तूरबाई आल्या आणि सवयीनं परसात डोकावल्या. तिथून त्यांची आरोळी आली.

“अरे देवस्थली! धावत ये! दांडे आले!”

साहेब धावले. कुंड्यांच्या बुडाशी बोटाएवढे जाड, टोकदार कोंब दिसत होते. ह्यांनी ते आधीच पाहिले होते, पण ती कीड लागल्याची गाठ आहे असं म्हणून दोन कापूनही टाकले होते. दस्तूरबाईंनी कापलेली जागा बघून कपाळाला हात लावला.

“हा फुलाचा दांडा हाय, डिकरा! इतका सगला! कुनी बाहेर ठेवला ह्याला?”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मफलर सारखा केला, चष्मा पुसला.

“हो,” म्हणाले. “हे अपेक्षितच होतं.”

त्या रात्री जेवताना ते दीड-दोन महिन्यांनी माझ्याशी बोलले. म्हणाले, “रात्रीच्या आणि दिवसाच्या तापमानात फरक पडला, की फुलोरा धरतो. साधं शास्त्र आहे. म्हणूनच मी आल्यावर ती आत घेतली नाहीत. नाहीतर घेतली नसती का?”

आक्कानं आमटीचा भुरका मारला. “आणखी वाढू का, अच्युतराव? शास्त्र?” आणि मग सावरून, “आमटी म्हणतेय मी.”

फाल्गुनात दांडे कमरेएवढे वाढले आणि एकेका दांड्यावर डझनावारी फुलं उघडली. पोपटी पाकळ्या आणि ओठावर तांबडे ठिपके, काही साखरेसारखी गुलाबी, काही सायीच्या रंगाची. खरं सांगायचं तर मीही बघत राहायचे. इतकी सुंदर फुलं मी पाहिली नव्हती, आणि ती माझ्या रागातून आली होती हे माझं मला खरं वाटत नव्हतं. लोक वाईहून, साताऱ्याहून बघायला यायला लागले. साहेब त्यांना ‘मुक्त हवामान पद्धती’ समजावून सांगायचे. हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. सुरुवातीला ते ‘प्रयोग’ म्हणत, मग ‘माझा प्रयोग’, आणि शेवटी शेवटी ‘मी तेव्हा सगळ्यांचा विरोध पत्करून’ असं म्हणायला लागले. सगळ्यांमध्ये मीही आले.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. आक्का उन्हात होती. साहेबांना हवी तेवढी पद्धती घेऊ देत.

पण मंडळाच्या पुष्पप्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी हे खुशीत पडवीच्या दाराशी उभे राहिले. आक्का देवळात गेली होती. आत मान घालून ह्यांनी काचांकडे, छताकडे पाहिलं.

“आता सिंबिडियमचा प्रश्न सुटला,” म्हणाले. “ती बाहेर. म्हणजे ही जागा मोकळी झाली. फॅलेनॉप्सिस जातीची ऑर्किड लावणार आहे मी. ती खरी उबेतली. कोलकात्याला कळवलंय, पुढच्या आठवड्यात येतील.”

“आणि आक्का?”

“मागची खोली आहे की. एवढी थंडी काढली त्यांनी, आता सवय झाली असेल. ऑर्किडना झाली, माणसाला नाही होणार?”

दुपारीच दिगंबरचा फोन येऊन गेला होता. त्याला तिकडे मानवलं होतं. परतायचा विचार त्यानं तूर्त सोडला होता. म्हणजे पुढचा पावसाळा, पुढची थंडी, त्याच्याही पुढची, आक्का आमच्याकडेच असणार होती. आणि ती शेवाळाच्या भिंतीशी.

त्या क्षणी मी ठरवलं, उद्या सगळ्यांसमोर सांगायचं. कुंड्या कुणी बाहेर काढल्या, का काढल्या, कुलूप कुणी लावलं, दांडे कुणी कापले, सगळं.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. टेबलांवर गुलाब, जरबेरा, डेलिया, आणि मधोमध आमची सिंबिडियम. पहिलं पारितोषिक ह्यांनाच मिळणार होतं, त्यात स्पर्धा नव्हती. चांदीचा करंडक हातात घेऊन साहेब बोलले. धाडसाबद्दल बोलले. निसर्गावर विश्वास ठेवण्याबद्दल बोलले. जीव लावलेल्या गोष्टीला उघड्यावर सोडायला काळीज घट्ट करावं लागतं म्हणाले, आणि तिथे त्यांनी खरंच रुमाल काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वार्ताहर लिहून घेत होता.

मग दस्तूरबाई ध्वनिक्षेपकापाशी आल्या. “देवस्थली लय बोलला,” त्या म्हणाल्या. “आता त्याची बाई बोलेल. शालन, ये तू.”

त्यांना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, मी कधी विचारलं नाही. त्यांनी माझा हात धरून मला वर घेतलं एवढं खरं.

मी उभी राहिले. समोर सगळं गाव. बाजूला खुर्चीत करंडक मांडीवर घेतलेले हे. ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला कळलं, की ह्यांना कळलं होतं. त्या चेहऱ्याकडे बघून मला आयुष्यात पहिल्यांदा फार मजा वाटली. एक वाक्य बोलले असते तर करंडकासकट ह्या माणसाचा निकाल लागला असता.

आणि मग? लोक हसले असते. महिनाभर हसले असते. साहेब घरी येऊन जे गप्प बसले असते ते मरेपर्यंत. आणि फॅलेनॉप्सिस पुढच्या आठवड्यात आली असती. उलट हट्टानं आली असती. माझी आई मागच्या खोलीत, आणि मी खरं बोललेली.

“ह्यांनी एक गोष्ट सांगितली नाही,” मी म्हटलं.

ह्यांनी डोळे मिटले.

“ह्यांच्या ऑर्किडना घरातली सगळ्यात चांगली खोली होती. उन्हाची, उबेची. माझी आई आजारी झाली तेव्हा ह्यांनी ती रिकामी केली. ऑर्किड बाहेर काढली ती प्रयोगासाठी नव्हे. सासूसाठी.”

कुणीतरी “वा!” म्हणालं. ह्यांनी एक डोळा उघडला.

“जीवापाड जपलेली झाडं मरतील, हे माहीत असून. स्वतःच्या तोंडानं हे ते कधी सांगणार नाहीत. आणि कालच मला म्हणाले, आता काहीही झालं तरी ती खोली आक्कांचीच. त्या आहेत तोवर तिथे दुसरं झाड यायचं नाही.”

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उठून ह्यांना मिठी मारली. वार्ताहरानं पुढे येऊन विचारलं, “साहेब, हे खरं आहे?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. खात्यात इतकी वर्षं काढलेला माणूस. कोणत्या कागदावर सही केल्यावाचून गत्यंतर नाही हे त्यांना बरोबर कळायचं.

“कर्तव्यच असतं ते,” ते म्हणाले.

घरी येताना आम्ही पायी आलो. करंडक ह्यांच्या काखेत होता. बाजारपेठ संपेपर्यंत लोक थांबवून अभिनंदन करत होते, त्यामुळे ह्यांना रागावता येईना. चढ लागला तेव्हा म्हणाले, “कोलकात्याला नको म्हणून कळवावं लागेल.”

“हो.”

“तू हे ठरवून केलंस.”

“नाही. मी वेगळंच ठरवून गेले होते,” मी म्हटलं.

घरी आक्का वाट बघत होती. तिला सगळं सांगितलं. ती विचारात पडली.

“म्हणजे फुलंही त्यांनीच आणली, आणि मलाही त्यांनीच सांभाळलं?”

“हो.”

“आणि तुझ्या वाट्याला काय आलं गं?”

मी तिच्या पलंगावर बसले. काचेतून शेवटचं ऊन येत होतं. “तू,” मी म्हटलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. बोटं सरळ नव्हती, पण गरम होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘सासूबाईंसाठी ऑर्किडचा त्याग’. त्यानंतर बघे दुप्पट झाले. आधी परसातली फुलं बघायचे, मग साहेबांना त्यांना पडवीत आणावंच लागे. “आणि ह्या आमच्या सासूबाई,” हे म्हणायचे. लोक आक्काकडेही फुलांसारखं वाकून बघायचे.

आक्का फार लवकर शिकली. पाहुणे पुरते स्थिरावू द्यायची आणि मग क्षीण आवाजात म्हणायची, “अच्युतराव, तुम्ही रोज करता तो आल्याचा चहा मिळेल का हो? ह्यांनाही द्या. जावयाच्या हाताला काय चव आहे!” ज्या माणसाला घरात गॅस कुठल्या बाजूनं पेटतो हे माहीत नव्हतं, तो माणूस पाहुण्यांसमोर हसत स्वयंपाकघरात जायचा आणि मला दबक्या आवाजात विचारायचा, “आलं कुठंय?” पुढे पुढे विचारेनासे झाले. पाहुण्यांच्या साक्षीनं आक्कानं ह्यांच्याकडून आरामखुर्ची मिळवली, रेडिओ मिळवला, आणि एकदा तर पायाला तेल चोळून घेतलं. “नको हो, रोज कशाला,” असं वर म्हणाली.

आज दोघंही नाहीत. आक्का त्या खोलीत सहा-सात वर्षं राहिली आणि तिथेच गेली. तेव्हा लोक ह्यांचे हात हातात घेऊन म्हणाले, असा जावई व्हायचा नाही. हे रडले. खोटं रडणं आणि खरं रडणं मला ओळखता येतं असं मी समजत होते. त्या दिवशी मला सांगता आलं नाही.

पण मला आठवते ती त्याच्या बरीच आधीची एक दुपार. श्रावणातली. धुकं इतकं दाट, की फाटक दिसत नव्हतं. अशा दिवसांत टेकडीवर चिटपाखरू फिरकत नाही. मी बँकेतून भिजून परत आले. साहेब बैठकीत पेपर वाचत होते. पडवीत आक्का आरामखुर्चीत बसली होती, दोन्ही हातांत वाफाळता कप धरून. चेहरा गंभीर.

“कुणी आलं होतं का?” मी विचारलं.

“ह्या पावसात कोण येतंय?”

“मग चहा?”

“त्यांनीच आणून दिला. मी मागितलाही नव्हता.”

तिनं कपाकडे पाहिलं, मग बैठकीकडे पाहिलं, आणि मला खूण करून जवळ बोलावून अगदी हळू आवाजात विचारलं, “शालू, अलीकडे डॉक्टरांना दाखवलंयस का गं त्यांना?”